बायनरी डेटा जेसनमध्ये कसा न्यावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोग्राममधल्या ऑब्जेक्टचं जेसन किंवा एक्सएमएल, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमला पाठवता येईल असा मजकूर, करताना नाव, पत्ता, रक्कम सगळं सुरळीत जातं, आणि फोटो, सही, पीडीएफ किंवा एन्क्रिप्शनची की असा बायनरी, म्हणजे मजकूर नसलेला कच्च्या बाइटचा, डेटा आला की गाडं अडतं. अंधेरी-पवईपासून ऐरोली-ठाण्यापर्यंतच्या टीममध्ये नव्याने बॅकएंड किंवा मोबाइलचं काम करणारी मुलं-मुली याबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणासाठी एकच ॲप धरलं आहे. लहान दुकानदारांना कर्ज देणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी भांडुप किंवा धारावीत जातो, दुकानाचा फोटो काढतो, स्क्रीनवर सही घेतो आणि अर्ज सर्व्हरला पाठवतो.

बाकी सगळी फील्ड जातात, मग फोटोच्याच फील्डला एरर का?

जेसनमध्ये स्ट्रिंग, संख्या, खरं-खोटं, नल, ॲरे आणि ऑब्जेक्ट एवढेच प्रकार आहेत. कच्च्या बाइटसाठी प्रकारच नाही. जेसनची स्ट्रिंग ही युनिकोड अक्षरांची माळ असते, आणि २०१७ च्या आरएफसी ८२५९ या इंटरनेट-मानकानुसार दोन वेगळ्या सिस्टिममध्ये जाणारं जेसन यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) मध्येच असावं लागतं. फोटो मात्र अक्षरांचा बनलेला नसतो, तो ० ते २५५ मधल्या आकड्यांची रांग असतो. पायथन इथे सरळ नकार देतं: ‘ऑब्जेक्ट ऑफ टाइप बाइट्स इज नॉट जेसन सीरिअलायझेबल’. हा नकार तुमच्या भल्याचा आहे. जिथे एरर येत नाही तिथे जास्त काळजी घ्यावी लागते.

एरर टाळायला बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचून स्ट्रिंग केली तर?

असं करू नका. या विषयात सर्वात जास्त नुकसान याच एका ओळीने होतं.

यूटीएफ-८ मध्ये कोणताही बाइट कुठेही चालत नाही. १२८ ते १९१ मधले बाइट एखाद्या अक्षराच्या पुढच्या भागातच येऊ शकतात, सुरुवातीला नाही. पीएनजी फाइलचा पहिलाच बाइट १३७ आहे. जेपेग २५५ ने सुरू होते, आणि २५५ तर यूटीएफ-८ मध्ये कुठेच वैध नाही. डीकोडर कडक असेल तर तो थांबतो. ‘एरर दुर्लक्षित करा’ किंवा ‘बदलून टाका’ असा पर्याय दिला असेल, तर तो प्रत्येक अवैध बाइटच्या जागी � हे चिन्ह बसवतो किंवा तो बाइट गाळून टाकतो. १३७ असो, २०० असो की २५५, सगळ्यांचं एकच चिन्ह झालं. आता मूळ बाइट कोणता होता हे जगातलं कोणतंही टूल सांगू शकत नाही.

आणि हे सगळं शांतपणे घडतं. सर्व्हर ‘यशस्वी’ म्हणतो, डेटाबेसमध्ये ओळ पडते, आकडे ठीक दिसतात. दोन महिन्यांनी तपासणीसाठी कोणी फोटो उघडतं तेव्हा कळतं की त्या काळातला एकही फोटो उघडत नाही. तोपर्यंत फोनमधला मूळ फोटो बहुधा पुसलेला असतो.

लॅटिन-१ वापरलं तर बाइट हरवत नाहीत ना?

हरवत नाहीत, कारण लॅटिन-१ मध्ये प्रत्येक बाइटला एक अक्षर आहे. पण फायदाही होत नाही. १२८ च्या पुढचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये दोन बाइट घेतं, आणि ३२ च्या खालची बहुतेक नियंत्रण-चिन्हं जेसनमध्ये सहा-सहा अक्षरांच्या एस्केपने (चिन्हाऐवजी लिहायच्या कोडने) लिहावी लागतात. सगळे बाइट सारख्या प्रमाणात आहेत असं धरून हिशोब केला तर आकार दुपटीच्या थोडा पुढेच जातो. शिवाय वाटेत एखाद्या लॉगरने किंवा जुन्या प्रॉक्सीने नियंत्रण-चिन्हं काढून टाकली, तर तक्रार करायलाही जागा नाही.

बेस-६४ नेमकं काय करतं?

तीन बाइट म्हणजे २४ बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट केले की प्रत्येक गट ० ते ६३ मध्ये बसतो, आणि त्या प्रत्येक आकड्याला एक सुरक्षित अक्षर ठरलेलं आहे: रोमन लिपीतली २६ मोठी, २६ लहान अक्षरं, दहा अंक, ‘+’ आणि ‘/’. शेवटी बाइट कमी पडले तर ‘=’ ने भरती करतात. आज प्रमाण म्हणून २००६ चा आरएफसी ४६४८ धरतात. ईमेलच्या जोडपत्रांसाठी हीच पद्धत त्याच्या दहा वर्षं आधी, १९९६ च्या माइम मानकातही होती.

आपल्या लिपीवर करून पाहा. ‘मुंबई’ या शब्दात युनिकोडची पाच चिन्हं आहेत: म, उकार, अनुस्वार, ब, ई. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, म्हणजे १५ बाइट, म्हणजे बेस-६४ ची बरोबर २० अक्षरं, एकही ‘=’ न लागता. एका चिन्हाला चार अक्षरं असं नेमकं जुळतं. त्यामुळे सलग देवनागरीचं बेस-६४ डोळ्यांना ओळखू येतं: दर चार अक्षरांनी ‘४, के, एस’ किंवा ‘४, के, डब्ल्यू’ दिसत राहतं. मध्ये रिकामी जागा आली की ती एकच बाइट असल्याने ही जुळणी सरकते.

आकार किती वाढतो?

बाइटची संख्या तीनने भागा, अपूर्णांक आला तर वर न्या, चारने गुणा. ३०० केबीचा फोटो ४०० केबी होतो. वाढ एक तृतीयांश.

इतर पर्यायांत हेक्स (प्रत्येक बाइटची ०-९, ए-एफ मधली दोन अक्षरं) दुप्पट होतं. बेस-३२ मध्ये ६० टक्के वाढ होते. बेस-८५ चार बाइटची पाच अक्षरं करतं, म्हणजे वाढ २५ टक्केच, पण त्याचे एकमेकांशी न जुळणारे प्रकार आहेत आणि काहींमध्ये अवतरणचिन्ह किंवा उलटी रेघ येते. आठ टक्क्यांसाठी ही डोकेदुखी घेऊ नये असं माझं मत आहे. बाइट आकड्यांच्या ॲरेमध्ये लिहिले तर स्वल्पविराम धरून आकार सरासरी साडेतीन पटीच्या वर जातो, म्हणजे १ एमबीचे साडेतीन एमबी.

मग हेक्स कधी?

माणूस जी किंमत वाचणार, फोनवर सांगणार किंवा दोन स्क्रीनवर शेजारी ठेवून जुळवणार, तिथे हेक्स. हॅश, म्हणजे डेटावरून काढलेला ठसा, हे याचं चांगलं उदाहरण. शा-२५६ या हॅश-पद्धतीचे ३२ बाइट हेक्समध्ये ६४ अक्षरं होतात, बेस-६४ मध्ये ४४. जीएसटी ई-इन्व्हॉइसचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) ६४ अक्षरांचा असतो तो यामुळेच.

आमच्या लायब्ररीने काही न सांगता बेस-६४ केलं, समोरच्या टीमच्या लायब्ररीने भलतंच पाठवलं. नियम काय?

जेसनच्या मानकात बाइटबद्दल काही नाही, म्हणून प्रत्येक लायब्ररीने स्वतःपुरता निर्णय घेतला आहे. दोन टीमच्या भांडणांचं मूळ बहुतेकदा इथे असतं, म्हणून हे नीट पाहून ठेवा.

जावामधलं जॅक्सन बाइटच्या ॲरेची बेस-६४ स्ट्रिंग करतं. त्याच जावामधलं जीसन आकड्यांची ॲरे लिहितं, आणि जावाचा बाइट ऋण-धन असल्याने पीएनजीचा १३७ तिथे उणे ११९ म्हणून दिसतो. गो भाषेची अंगभूत लायब्ररी बाइटच्या स्लाइसची बेस-६४ करते, आणि स्लाइस निल असेल तर नल लिहिते. डॉटनेट बेस-६४ करतं. प्रोटोबफ या बायनरी फॉरमॅटच्या जेसन रूपातही बेस-६४ च ठरलेलं आहे. पायथन नकार देतं. पीएचपीचं जेसन-एन्कोड अवैध यूटीएफ-८ दिसल्यावर फॉल्स परत करतं, आणि तो फॉल्स कोणी तपासला नाही तर रिकामा प्रतिसाद पुढे जातो.

जावास्क्रिप्टमध्ये तर एकाच भाषेत तीन तऱ्हा आहेत. नोडच्या बफरचं जेसन केलं की ‘प्रकार’ आणि ‘डेटा’ अशी दोन फील्ड असलेला ऑब्जेक्ट मिळतो, डेटामध्ये आकडे. साध्या आठ-बिट टाइप्ड ॲरेचं केलं की ०, १, २ अशा किल्ल्यांचा लांबलचक ऑब्जेक्ट. आणि ॲरे-बफर किंवा ब्लॉब दिला तर रिकामा महिरपी कंस, बस्स. एररशिवाय फोटो गायब.

म्हणून लायब्ररीच्या मर्जीवर सोडू नका. स्ट्रिंगचं फील्ड जाहीर करा आणि एन्कोडिंग स्वतःच्या कोडमध्ये उघडपणे करा.

पायथनवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट: बेस-६४ चं फंक्शन परत बाइटच देतं, त्याला ॲस्की म्हणून डीकोड करावं लागतं. त्याऐवजी त्यावर सरळ एसटीआर लावलं तर स्ट्रिंगच्या सुरुवातीला ‘बी’ आणि अवतरणचिन्ह चिकटतं, आणि समोरच्या सर्व्हरवर डीकोड फसतं किंवा चुकीचे बाइट मिळतात.

बेस-६४ बरोबर दिसतंय, तरी डीकोड होत नाही. काय तपासू?

सर्वात आधी सुरुवात पाहा. वेब पेजवर फाइल-रीडरने डेटा-यूआरएल म्हणून वाचलेल्या फोटोपुढे ‘डेटा, इमेज, जेपेग, बेस-६४’ असा मजकूर आणि स्वल्पविराम असतो. स्वल्पविरामापर्यंतचा भाग बेस-६४ मध्ये येत नाही, तो कापून टाका.

मग ओळी. अँड्रॉइडच्या बेस-६४ क्लासचा डीफॉल्ट पर्याय दर ७६ अक्षरांनंतर नवी ओळ घालतो. लिनक्सची बेस-६४ कमांडही तसंच करते. ही ईमेलच्या काळातली रीत आहे. जेसनच्या स्ट्रिंगमध्ये कच्ची नवी ओळ चालतच नाही, आणि एस्केप करून गेली तरी कडक डीकोडर ती नाकारतो. अँड्रॉइडवर ‘नो रॅप’ द्या. 

तिसरं, वर्णमाला. यूआरएलसाठी असलेल्या प्रकारात ‘+’ ऐवजी ‘-’ आणि ‘/’ ऐवजी ‘_’ असतं, आणि शेवटचे ‘=’ बहुधा गाळलेले असतात. जेडब्ल्यूटीमध्ये (लॉगिनसाठी वापरतात त्या टोकनमध्ये) हाच प्रकार असतो. साधं बेस-६४ यूआरएलच्या क्वेरीमध्ये तसंच टाकलं तर सर्व्हर ‘+’ ला रिकामी जागा समजतो. दहातले काही अर्ज पडतात आणि काही नीट जातात, कारण प्रत्येक स्ट्रिंगमध्ये ‘+’ असतोच असं नाही. हा दोष शोधायला सर्वात त्रास देतो.

शेवटी, जेसन पार्स न करता मजकूर कापून काढू नका. पीएचपी तिरप्या रेघेपुढे उलटी रेघ लिहितं, आणि जेपेगचं बेस-६४ तिरप्या रेघेनेच सुरू होतं. पार्सर ते आपोआप सुधारतो, हाताने कापणारा कोड नाही.

ब्राउझरमध्ये मराठी मजकुरावर बीटूए (ब्राउझरचं बेस-६४ फंक्शन) चालवलं की एरर येते.

कारण ते फंक्शन प्रत्येक अक्षराला एक बाइट समजतं आणि २५५ च्या पुढचं अक्षर आलं की थांबतं. आधी टेक्स्ट-एन्कोडरने यूटीएफ-८ बाइट काढा, मग त्यांचं बेस-६४ करा. पण मुळात मराठी मजकूर बेस-६४ करायचं कारण काय? तो मजकूरच आहे, जेसनमध्ये जसाच्या तसा जातो. ‘मुंबई’चे १५ बाइट यूटीएफ-८ मध्ये १५ च राहतात. पायथनचा डीफॉल्ट मात्र ॲस्कीबाहेरच्या प्रत्येक चिन्हाचा सहा अक्षरी एस्केप करतो, त्यामुळे तोच शब्द ३० बाइटचा होतो. ‘एन्शुअर ॲस्की’ बंद करा.

एक्सएमएलमध्ये सीडेटा (मजकूर जसाच्या तसा ठेवायचा भाग) आहे ना? बाइट त्यात ठेवले तर?

सीडेटा फक्त मार्कअपच्या खुणांपासून वाचवतं. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालची टॅब, लाइन फीड आणि कॅरेज रिटर्न ही तीनच चिन्हं चालतात, शून्य तर कोणत्याच मार्गाने लिहिता येत नाही. त्यातही पार्सर कॅरेज रिटर्न आणि लाइन फीडची जोडी एकाच लाइन फीडमध्ये बदलतो. पीएनजीच्या पहिल्या आठ बाइटमध्ये नेमकी ही जोडी मुद्दाम ठेवलेली आहे, ओळींचे शेवट कोणी बदलले तर फाइल उघडतानाच कळावं म्हणून. एक्सएमएल स्कीमामध्ये बेस-६४ आणि हेक्स असे दोन्ही बायनरी प्रकार दिलेले आहेत, ते वापरा. आधारच्या ऑफलाइन ई-केवायसी फाइलमध्ये व्यक्तीचा फोटो बेस-६४ मध्येच असतो.

आणि यामल (कॉन्फिगरेशनसाठी वापरतात ते फॉरमॅट)?

तिथे ‘बायनरी’ नावाचा टॅग आहे, आत बेस-६४. टॉमल या तशाच दुसऱ्या फॉरमॅटमध्ये असा प्रकार नाही, स्ट्रिंग वापरा.

जीझिप कॉम्प्रेशन लावलं की ती ३३ टक्के वाढ निघून जाते का?

नेटवर्कवरून पाठवताना बरीचशी जाते, कारण बेस-६४ च्या प्रत्येक अक्षरात सहाच बिट माहिती असते आणि जीझिपला ते कळतं. पण दोन अडचणी आहेत. ब्राउझर आणि ॲप सर्व्हरकडून येणारा प्रतिसाद सर्रास जीझिपमध्ये घेतात, वर पाठवली जाणारी रिक्वेस्ट मात्र बहुतेक वेळा तशीच जाते. फोटो वरच जातो. दुसरं, सर्व्हर आणि फोनच्या मेमरीत पूर्ण वाढ राहतेच.

ज्याचं कॉम्प्रेशन होण्यासारखं आहे, उदाहरणार्थ लॉग किंवा सीएसव्ही, ते आधी कॉम्प्रेस करा, मग बेस-६४. उलटा क्रम लावला तर एकच शब्द तीन वेगवेगळ्या रूपांत दिसतो आणि पुनरावृत्ती सापडणं अवघड होतं.

किती मोठी फाइल जेसनमध्ये घालणं ठीक?

माझा ठोकताळा असा: सही, छोटा लोगो, की, हॅश अशा काही दहा केबीपर्यंतच्या गोष्टी खुशाल घाला. फोटो आणि पीडीएफ बाहेर काढा.

कारण फक्त आकाराचं नाही. जेसनची स्ट्रिंग बहुतेक पार्सर पूर्ण वाचल्याशिवाय देत नाहीत. ३ एमबीचा फोटो असेल तर ४ एमबीचा आलेला मजकूर, ४ एमबीची स्ट्रिंग आणि ३ एमबीचे डीकोड झालेले बाइट एकाच वेळी मेमरीत असू शकतात. असे पन्नास अर्ज एकदम आले की छोटा सर्व्हर कोसळतो. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसमध्ये, लॅम्डा या सेवेवर थेट कॉलच्या रिक्वेस्टला ६ एमबीची मर्यादा आहे, म्हणजे बेस-६४ नंतर खरी फाइल साडेचार एमबीच्या आतच हवी. अलीकडच्या फोनचा एक फोटो सहज तेवढा होतो.

आणि नेटवर्क. प्रतिनिधी भुयारी मेट्रोत शिरला, रेंज गेली, की अर्ज आणि फोटो दोन्ही पुन्हा पहिल्यापासून. वेगळं केलं तर अर्जाचं छोटं जेसन लगेच पोचतं आणि फोटो मागून, तुकड्या-तुकड्यांनी जाऊ शकतो. पद्धत अशी: सर्व्हरकडून थोड्या वेळापुरती वैध असलेली अपलोडची लिंक घ्या, फोटोचे कच्चे बाइट थेट ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये (फाइल ठेवण्याच्या क्लाउड सेवेत) टाका, जेसनमध्ये फक्त फाइलची ओळख, आकार, प्रकार आणि शा-२५६ लिहा. एडब्ल्यूएसचा मुंबई रीजन २०१६ पासून आहे, तेव्हा स्टोअर शहरातच ठेवता येतं. एकाच रिक्वेस्टमध्ये पाठवणं भाग असेल तर मल्टिपार्ट फॉर्म वापरा, त्यात बाइट जसेच्या तसे जातात.

मग सरळ बायनरी फॉरमॅटच का नको?

दोन्ही बाजू तुमच्या हातात असतील तर जरूर घ्या. सीबॉर, मेसेजपॅक, प्रोटोबफ या तिन्हींमध्ये बाइटसाठी स्वतंत्र प्रकार आहे. मात्र बँकेचा किंवा सरकारी एपीआय जेसन मागत असेल तर तुमच्या आवडीला तिथे जागा नाही, आणि लॉगमध्ये डोळ्यांनी वाचता येण्याचा जेसनचा गुण सपोर्टच्या लोकांना रोज उपयोगी पडतो.

बेस-६४ केल्यावर आधारचा फोटो सुरक्षित झाला ना?

नाही. बेस-६४ कोणालाही, कोणत्याही कीशिवाय, क्षणात उलटवता येतं. कुबरनेटीस या सर्व्हरवरची ॲप चालवणाऱ्या सिस्टिमच्या सीक्रेटमध्ये पासवर्ड बेस-६४ मध्ये दिसतो, त्यालाही अनेक जण एन्क्रिप्शन समजतात. तो फोटो लॉगमध्ये छापला गेला तर तो उघडा फोटोच आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या नजरेतही तो वैयक्तिक डेटाच. लॉगरमध्ये लांब बेस-६४ फील्ड कापा, फक्त लांबी आणि हॅश छापा.

याच प्रश्नाची दुसरी बाजू: पायथनचं पिकल (ऑब्जेक्ट साठवायचं बायनरी रूप) किंवा जावाचा सीरिअलाइझ केलेला ऑब्जेक्ट बेस-६४ मध्ये गुंडाळून बाहेरून स्वीकारू नका. तो उघडतानाच परका कोड चालू शकतो. गुंडाळीने तो धोका कमी होत नाही.

सही किंवा हॅश जुळवताना बेस-६४ स्ट्रिंगची तुलना करू का?

डीकोड करून बाइटची तुलना करा. शेवटच्या अक्षरात काही बिट न वापरलेले राहतात, त्यामुळे ढिल्या डीकोडरवर दोन वेगळ्या स्ट्रिंगमधून तेच बाइट निघू शकतात. हेक्समध्येही लहान आणि मोठ्या अक्षरांचा फरक असतोच.

नमपायची (पायथनच्या संख्यांसाठीच्या लायब्ररीची) ॲरे किंवा एम्बेडिंग (एआय मॉडेलने दिलेली संख्यांची यादी) पाठवायचं आहे.

बाइट बेस-६४ करा, पण सोबत संख्येचा प्रकार, आकारमान आणि बाइटचा क्रम म्हणजे एंडियन लिहा. ते नसेल तर समोरच्याला आकडे मिळतील, पण चुकीचे. ३२ बिटांच्या ७६८ संख्यांचे ३०७२ बाइट आणि बेस-६४ ची ४०९६ अक्षरं होतात. दशांशात लिहिलं तर बहुधा याच्या दुप्पट.

एपीआयच्या कागदपत्रात काय लिहावं?

प्रत्येक बायनरी फील्डसाठी: कोणतं एन्कोडिंग, साधं की यूआरएलचं, ‘=’ हवे की नकोत, नव्या ओळी चालणार नाहीत, डीकोड झाल्यावर जास्तीत जास्त किती बाइट, आणि रिकामी स्ट्रिंग व नल यांचा अर्थ वेगळा की एकच. ‘सही घेतली पण कोरी’ आणि ‘सही घेतलीच नाही’ हा फरक कर्जाच्या अर्जात महत्त्वाचा आहे.

टेस्ट कशी लिहू?

‘हॅलो’ हा शब्द पाठवून पास झालेल्या टेस्टवर विसंबू नका, ॲस्की मजकूर चुकीच्या कोडमधूनही नीट जातो. ० ते २५५ सगळे बाइट क्रमाने पाठवा आणि परत आलेले तसेच आहेत का बघा. लांबी ०, १, २, ३ वेगवेगळी तपासा. आणि २५१, २५५ ही दोन बाइटची जोडी ठेवाच: तिचं बेस-६४ ‘+/८=’ होतं, म्हणजे तिन्ही त्रासदायक चिन्हं एकाच स्ट्रिंगमध्ये येतात.

जुने फोटो उघडत नाहीत. परत मिळतील का?

कशाने बिघडले त्यावर आहे. धड पीएनजीचं बेस-६४ ‘आय, व्ही, बी, ओ, आर’ या अक्षरांनी सुरू होतं, जेपेगचं तिरपी रेघ, नऊ, जे, तिरपी रेघ असं, पीडीएफचं ‘जे, व्ही, बी, ई, आर’ असं. सुरुवात यापैकी नसेल, पण डीकोड केल्यावर पुन्हा बेस-६४ चीच अक्षरं मिळत असतील, तर दोनदा एन्कोड झालं आहे. आणखी एकदा डीकोड करा, फोटो मिळेल. उणे आकड्यांची ॲरे असेल तर प्रत्येक उणे आकड्यात २५६ मिळवा. ‘+’ च्या जागी रिकामी जागा असेल तर ती परत ‘+’ करा.

पण सुरुवातीला सात, सात, अधिकचं चिन्ह, नऊ अशी चार अक्षरं दिसली, तर ते � या चिन्हाचं बेस-६४ आहे. तो फोटो सर्व्हरवरून परत मिळणार नाही. अशा अर्जांची यादी करा, ती आजच शाखेला द्या, आणि प्रतिनिधींच्या फोनमधल्या गॅलरी साफ होण्याआधी मूळ फोटो मागवून घ्या.